समीर आणि गाभडलेली गाय

पूर्व आफ्रिकेतलं आमचं पोस्टिंग काही आठवड्यांचं होतं. मी इंग्लंडमधल्या लेस्टरचा, ब्रिटिश आर्मी रिझर्व्हमध्ये मेडिक, रँक सार्जंट. कॅप्टन समीर वॉटफर्डचा, डॉक्टर. युनिटमध्ये मराठी आम्ही दोघंच, म्हणून कोणी जवळ नसलं की रँक बाजूला आणि अरे-तुरे सुरू.

खोटं कशाला बोलू, मी त्याच्यावर जळायचो. सकाळी क्लिनिकचा तंबू मी उभारायचो, पाणी मी उकळायचो, आणि रांग लागायची त्याच्यापुढे. बायका आपली पोरं बिनधास्त त्याच्या मांडीवर द्यायच्या. ताप आणि पिवळे डोळे तिथे घरोघरी. कुणाला हिपॅटायटिस, कुणाला डासांतून आलेला व्हायरस. ओळखायचं कसं? आमच्याकडे किट फक्त मलेरियाचं. नुसत्या पिवळ्या डोळ्यांसाठी तर शेतातलं काम कुणी सोडतच नसे.

एका दुपारी गावातली गाय गाभडली, दिवस भरायच्या आधीच मेलेलं वासरू पडलं. ब्रीफिंगमध्ये बजावलं होतं: डासांचा एक व्हायरस जनावरांत शिरतो, गायी गाभडतात, आणि त्यांच्या रक्तातून तो माणसाला लागतो. समीर बाह्या सरसावून आत अडकलेली वार काढायला बसला.

"अरे, ग्लव्ह्ज घाल!" मी ओरडलो.

"गाय आहे रे! आजोळी अशा किती सोडवल्यात."

गाय वाचली. गावानं त्याला डोक्यावर घेतलं. माझ्या पोटात दुखलं.

काही दिवसांनी त्याला ताप भरला. मलेरियाची टेस्ट निगेटिव्ह. मग डोळे पिवळे झाले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. रेडिओ मी घेतला, मुख्य तळाला हाक दिली.

"झीरो, धिस इज थ्री आल्फा. वन कॅज्युअल्टी, अर्जंट. ओव्हर."

"थ्री आल्फा, हेलिकॉप्टर ऑन इट्स वे. आउट."

समीरनं माझं मनगट धरलं. "आईला सांग, इथे सगळे माझे लाड करायचे."

"गप पड. तूच सांग."

"सार्जंट, ऑर्डर आहे."

"येस सर."

हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा तो गेला होता.

दर नोव्हेंबरात वॉटफर्डच्या युद्धस्मारकापाशी गेलेल्या सैनिकांची नावं वाचतात. त्याचंही वाचतात. नंतर त्याची आई मला घरी जेवायला नेते.

"तिथे त्याचं फार करायचे ना रे लोक?"

"फार करायचे, काकू." मी सगळं सांगतो, एकही कौतुक गाळत नाही. सांगताना आजही जळतो. जळायला का होईना, तो हवा होता.