विमानानं लई जवळ हाय

माझ्या थोरल्या साडूंच्या मते या पृथ्वीवर लांब असं गाव एकच, ते म्हणजे आम्हा दोघांची सासुरवाडी उमरी. कारण तिथं विमान उतरत नाही. लंडन, टोकियो, न्यूयॉर्क ही सगळी त्यांच्या अहमदपूरच्या कापड दुकानापासून हाकेच्या अंतरावर. "एका अंगाला नांदेडचं विमानतळ, दुसऱ्या अंगाला लातूरचं, अन् मधोमध माझं दुकान!" असं ते नव्या गिऱ्हाइकाला अशा थाटात सांगतात की, गच्चीवरूनच विमान सुटतं असं त्याला वाटावं. वास्तविक परवापरवापर्यंत ते विमानात बसलेले नव्हते. पण हातात मोबाइल आल्यापासून कोणत्याही दोन विमानतळांमधलं अंतर आणि लागणारा वेळ काढायचा त्यांना नाद लागला. मुंजीला जावोत की मयतीला, कोपऱ्यात बसून कुणाला तरी सिंगापूरपर्यंत नेऊन आणल्याशिवाय ते उठत नाहीत.

या नादानं एकदा लग्नही जमवलं. शेजारच्या किराणावाल्यांच्या मुलीला मेलबर्नचं स्थळ आलं. पोरीला मुलगा आवडलेला, पण तिची आई पदर डोळ्यांना लावून बसली, "एवढ्या लांब मी द्यायची न्हाई!" साडू तिथं जाऊन मांडी ठोकून बसले. "वहिनी, दिल्लीत बसली की बारा तासांत मेलबर्न. परवा तुम्ही इथल्या इथं अर्धापूरला गेलता, बस बंद पडली, पोचता पोचता दिवस मावळला का न्हाई? मग लांब काय हाय, सांगा!" बाई रडता रडता हसली आणि सुपारी फुटली.

मग त्यांच्याच मुलीला टोरांटोला नोकरी लागली. हैदराबादच्या विमानतळावर तिला सोडायला आम्ही सगळे गेलो होतो. ती दाराआड जाईपर्यंत साडू कुठला समुद्र कधी लागतो ते सांगत होते. अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, हुंदका आवरेना. "रडू नको गं, दिल्लीहून नुसते चौदा तास," ते म्हणाले. "ते विमानाला," अक्का म्हणाली, "मला किती?" साडूंनी मोबाइल खिशात ठेवला. परतताना गाडीत त्यांनी तो एकदाही बाहेर काढला नाही. हे आमच्या आठवणीत पहिल्यांदाच घडलं.

गेल्या उन्हाळ्यात पोरीनं दोघांना बोलावून घेतलं. विमानात प्रत्येकाच्या पुढ्यात पडदा असतो आणि त्यावर आपलंच विमान नकाशावरून सरकताना दिसतं, हे कळल्यावर साडूंनी शेजारच्या लोकांनाही सिनेमा बघू दिला नाही. झोपलेल्या अक्काला हलवून म्हणाले, "ऊठ, काळा समुद्र आला!"

"येऊ द्या की. मला काय धुणं धुवायचंय?"

टोरांटोला लेक समोर दिसली. वाटभर घोकलेलं सगळं विसरून ते तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. "वाळलीस गं," एवढंच म्हणाले.

ते परत आल्यावर मी मुद्दाम नांदेडहून भेटायला गेलो. जातानाचा प्रवास त्यांनी ढगागणिक सांगितला. दुकानात गिऱ्हाईक ताटकळलं, चहा गार झाला.

"आणि येतानाचा?" मी विचारलं.

"येताना झोपलो होतो, पाव्हणं," ते म्हणाले आणि एका ताग्याची घडी उगाच मोडून पुन्हा घालू लागले.

अक्का गार चहा उचलायला आली होती. ती हळूच म्हणाली, "डोळ्याला डोळा लागला न्हाई ह्यांचा. खिडकीकडं तोंड करून बसले होते."