चिनीत मागितलेली कॉफी

सिंगापूरला, सेम्बावांग भागात आमच्या ब्लॉकमध्ये राहणारी एक बाई मूळची पुण्याची, पण नऊ वर्षं हॉलंडमध्ये काढून आलेली. खालच्या कॉफीच्या टपरीवरच्या चिनी काकूंशी ती अडखळत का होईना, चिनीतच बोलायची. काकू उत्तर इंग्रजीत द्यायच्या. एकदा मी विचारलं, "कशाला एवढा त्रास घेता?"

ती म्हणाली, "हॉलंडमध्ये मी डच बोलायला लागले की सगळे इंग्रजीवर यायचे. मलाही ते सोयीचं वाटलं, डच शिकायचं राहूनच गेलं. मग शेजारच्या आजी आजारी पडल्या आणि त्या आजारात इंग्रजी विसरल्या, फक्त डच उरलं. माझा हात धरून खूप बोलल्या. मला काही कळलं नाही."

तेवढ्यात काकू कप उचलायला आल्या. हिने चिनीत त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. त्या दिवशी काकूही चिनीतच बोलल्या, बराच वेळ. हिला किती समजलं कोण जाणे, पण ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.