उपोषणातला साबुदाणा

उपोषणाला बसणाऱ्यांचे फोटो सगळे छापतात. त्यांच्या ओकाऱ्या कोणी छापत नाही. मी लिहिते.

पेणला सरकारी कचेरीसमोर आमचा मांडव होता. खाडीचा बांध फुटून खारं पाणी भातशेतीत शिरलं होतं. दुरुस्तीचा लेखी आदेश मिळेपर्यंत मी फक्त पाण्यावर बसणार, असं पत्रक मीच लिहिलं होतं. मी रोह्याची, त्या शेतांत माझा एक गुंठाही नाही. पहिल्या दिवशी मांडवात बसायला जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी मी आणि टेबलफॅन. कार्यकर्ते शिफ्ट संपवून येतो म्हणाले होते.

दुपारी बांधाकडची एक मावशी आली. तिचं शेत सगळ्यांत आधी बुडालेलं. पदराखालून तिने डबा काढला. साबुदाण्याची खिचडी.

"खा गो. उपासाला चालते."

आमचं उपोषण तसलं नाय, हे मी समजावत बसले. तिला पटेना. देवाला चालतं ते साहेबाला का चालू नये, असं तिचं म्हणणं. तीन दिवसांत माझ्याशी एवढा वेळ कोणी बोललं नव्हतं. ती उठून जाऊ नये म्हणून मी चार घास खाल्ले. भूक नव्हती असंही म्हणणार नाही.

ती गेली आणि पोटात पीळ पडला. तपासायला आलेल्या नर्सबाईंच्या पायाशीच ओकले. पांढरे दाणे, अख्खे. आमचा पुढारी नेमका तेव्हाच पोचला. पित्त आहे, पित्तच लिहा, असं त्याने बाईंना बजावलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"काही खाल्लं होतं?"

दुसऱ्यांना खोटारडे म्हणणारी पत्रकं मी लिहिते. "खाल्लं," म्हणाले.

कोणी दिलं, हे पुढाऱ्याने दहादा विचारलं. मी सांगितलं नाही.

संध्याकाळपर्यंत मांडव उतरला. आदेश मिळाला नाही. फुटका बांध हा सरकारचा गुन्हा आहे आणि माझ्या चार घासांनी तो माफ होत नाही, हे मी ओरडून सांगितलं असतं. ऐकायला कोणी थांबलं नव्हतं.

एसटी स्टँडवर आमचे कार्यकर्ते टपरीपाशी चहा पीत होते. मला कोणी हाक मारली नाही. पलीकडे मावशी उभी होती. ती माझ्या दिशेने दोन पावलं आली. जवळ आली असती, तर खिचडी कोणाची ते सगळ्यांना कळलं असतं. मी मान फिरवली. रोह्याची गाडी सुटेपर्यंत तशीच ठेवली.