मी न वाचलेली ओळ

मुलांनो, गुळाच्या पाण्याचा वास आला की मला तांड्यावरून आम्हाला दूध घालायला येणारी मावशी आठवते. गाईच्या चाऱ्यासाठी तिला कृषी खात्याच्या वाटपात लसूणघासाचं बियाणं आणि मुळांना नत्र पुरवणाऱ्या जिवाणूंचं पाकीट मिळालं होतं. "बाई, इंग्रजी हाय, वाचून सांगा ना," म्हणत ती आमच्या ओट्यावर बसली. मी वरच्या चार ओळी वाचल्या, पाकिटातली काळी भुकटी गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायला लावली आणि वर ऐटीत म्हटलं, "सुपर फॉस्फेट खतही यातच मिसळ, एका फेरीत काम होईल." महिन्याभराने घास पिवळा पडला. पाहायला आलेल्या कृषी सहायकाने आम्हा दोघींसमोर रोप उपटलं, तर मुळांवर जिवाणूंची एकही गाठ नव्हती. "खतात मिसळलं का? त्याच्या आम्लाने जिवाणू मरतात. पाकिटावर लिहिलंय," तो म्हणाला. "बाईनं सांगतलं तसंच केलं जी," मावशी म्हणाली. त्याने माझ्याकडे पाहिलं. "मी वेगळं टाकायला सांगितलं होतं," मी म्हणाले. "ऐकत जा ना, मावशी," तो हसला आणि पुढच्या वाटपातून त्याने तिचं नाव काढलं. ती माझ्याकडे बघत राहिली. उन्हाळ्यात चाऱ्यावाचून तिने गाय विकली. खरं बोलले असते तर माझं काहीच बिघडलं नसतं, आणि हे मला आज कळलं असं नाही. तेव्हाही ठाऊक होतं.