कणकेच्या गोळ्यांवर शिकलेला बेसबॉल

कुमुदने तो चेंडू फेकला तेव्हा तिच्या डाव्या काखोटीला पोळी-रोलचा भला मोठा डबा होता.

दुबईतल्या अल क्वोजमध्ये तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, भानुदासचं, पोळी-भाजीचं किचन आहे. तिथून रोज सकाळी व्हॅन घेऊन ती मुलीच्या शाळेच्या कॅन्टीनला रोल पोचवते. त्या दिवशी शाळा भरायला अर्धा तास होता आणि मैदानावर मुलांचा बेसबॉलचा सराव चालला होता. हा खेळ शाळेत नवाच. कुणा माजी विद्यार्थ्याने अमेरिकेहून बॅटी, हातमोजे, चेंडू असा सगळा संच भेट पाठवला होता, आणि तो कुणी काही विचारायच्या आत मुलांकडे गेला होता. मुली मैदानाच्या कडेने उभ्या होत्या. त्यांचं काम बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायचं. त्यांतच कुमुदची नववीतली ईशानीही होती.

एक चेंडू जाळीवरून उडाला आणि टप्पे खात कॅन्टीनच्या पायरीशी आला. कुमुदने तो उचलला. टीमचा कॅप्टन विहान धावत अर्ध्यावर आला आणि हात पसरून म्हणाला, "आंटी, आराम से! यहाँ तक फेंको, बस!"

कुमुदची नजर त्याच्यावर ठरलीच नाही. ती गेली पार पलीकडे, जिथे मोठा हातमोजा घालून एक मुलगा उकिडवा बसला होता. तिने एक पाय पुढे टाकला. चेंडू विहानच्या डोक्यावरून सरळ रेषेत गेला आणि त्या मुलाच्या मोज्यात असा फट्टदिशी बसला की जाळीवरच्या साळुंक्या उडाल्या.

विहानने मान वळवून त्या मोज्याकडे पाहिलं. कुमुदही जरा चपापली. मग डबा सावरून ती कॅन्टीनमध्ये शिरली आणि कॅन्टीनवाल्याला म्हणाली, "बटाट्याचे वेगळे ठेवलेत हं."

दुपारी व्हॅनमध्ये बसल्या बसल्या ईशानीने विचारलं, "आई, व्हॉट वॉज दॅट?"

"काय?"

"यू नो व्हॉट."

सिग्नलला गाडी थांबली तशी कुमुदने उजवा हात स्टिअरिंगवरून उचलून लेकीपुढे धरला. करंगळी मधल्या पेरापाशी वाकडी होती. "ही कशाने झाली, माहितेय?"

"दारात सापडली होती ना? बाबा सांगतात."

"दारात नाही सापडली," कुमुद म्हणाली.

जळगावला कॉलेजात असताना कुमुद सॉफ्टबॉल खेळायची. बेसबॉलची सख्खी बहीणच ती. चेंडू थोडा मोठा, फेकायची तऱ्हा निराळी, बाकी घराणं एक. कुमुद कॅचर होती. बॅट मारणारीच्या मागे उकिडवं बसायचं आणि सुटलेला प्रत्येक चेंडू अंगावर घ्यायचा. असाच एक बॅटीला चाटून आलेला चेंडू करंगळीवर बसला होता. विसाव्या वर्षी तिची राज्याच्या संघात निवड झाली, आणि त्याच आठवड्यात भानुदासचं स्थळ आलं. मुलगा दुबईत हॉटेलात शेफ. वडील म्हणाले, "उड्या मारणं खूप झालं. पाहुण्यांनी बोटाचं विचारलं तर दारात सापडलं म्हण." पाहुण्यांनी विचारलं. तिने तसं सांगितलं. हातमोजा मामेबहिणीकडे गेला आणि कुमुद दुबईला आली. त्याला पंचवीस वर्षं झाली.

"अँड यू नेव्हर टोल्ड बाबा?"

"कधी सांगणार? आधी लाज वाटायची. मग दार इतकं जुनं झालं की ते खरंच वाटायला लागलं."

ईशानीच्या पोटात गोष्ट राहणं शक्य नव्हतं. शनिवारी सकाळी किचनच्या दारात चार मुली उभ्या. पुढे अजरा, उंच आणि बोलकी. तिच्या मागे तिची धाकटी बहीण झारा. त्यांच्या मागे चष्मा सावरत आभा, वर्गातली पहिली. आणि सगळ्यांच्या मागे, आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून, ईशानी.

"आंटी, हमें सिखाओ," अजरा म्हणाली. "सर बोलते हैं, गर्ल्स के लिए थ्रोबॉल है."

"बेटा, मुझे पाँच सौ पोळी लाटनी है," कुमुद म्हणाली. तिचं हिंदी पंचवीस वर्षांत एवढंच सुधारलं होतं.

"वुई कॅन वेट," आभा शांतपणे म्हणाली. चौघी तांदळाच्या पोत्यांवर बसल्या. अर्धा तास झाला तरी हलेनात.

कुमुद उंडे करत होती. करता करता एक उंडा तिने न बघता अजराकडे भिरकावला. अजराने झेलला, पण मुठीत घट्ट आवळून. कणीक बोटांच्या फटींतून बाहेर आली.

"आऊट," कुमुद म्हणाली, आणि पुढचं मराठीतच. ईशानी त्याचं हिंदी करत होती. "बघ, तुझी पाचही बोटं उमटली. येणाऱ्या चेंडूशी भांडायचं नाही. त्याच्याबरोबर हात मागे न्यायचा. पाहुण्याला घरात घेतो ना, तसा. परत."

दुसरा उंडा. तिसरा. झाराचा गोळा सगळ्यात आधी गोल राहिला. मग चौघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि कणकेचे गोळे इकडून तिकडे उडू लागले. कुमुद मधेच लाटणं हातात घेऊन "कोपर वर! खांदा वळव! यल्ला, यल्ला, चला!" असं ओरडत होती, आणि तेवढ्यात भाजी घेऊन भानुदास आत आला. ईशानीचा गोळा त्याच्या कानाजवळून जाऊन फ्रीजवर चिकटला.

भानुदासने फ्रीजकडे पाहिलं. मग बायकोकडे. "काय चाललंय?"

उत्तर ईशानीनेच दिलं. जळगाव, कॅचर, राज्याचा संघ, करंगळी, एका दमात. भानुदासने कोथिंबिरीच्या जुड्या ओट्यावर ठेवल्या आणि तो स्टुलावर बसला.

"म्हणजे दार नव्हतंच?"

"नव्हतं."

"पंचवीस वर्षं मी तुझ्या माहेरच्या त्या दाराला शिव्या घालतोय! आपल्या बर दुबईच्या घरात सगळ्या दारांना रबरी गुटके कुणी बसवले? मी!" मुली हसू दाबत होत्या. भानुदास मात्र हसला नाही. खाली बघत त्याने विचारलं, "सांगितलं असतंस तर मी लग्नाला नको म्हटलं असतं, असं वाटलं तुला?"

"हो," कुमुद म्हणाली.

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "म्हटलं असतं बहुतेक," तो म्हणाला. "तेव्हा अक्कल कमीच होती." मग उठून त्याने फ्रीजवरचा गोळा खरवडून काढला आणि मुलींना म्हणाला, "कणीक वाया घालवायची नाही. फाटक्या गोळ्यांच्या पुऱ्या होतील. खाऊन जा."

सोमवारी कुमुद शाळेचे क्रीडाशिक्षक तन्मय सर यांच्यासमोर उभी राहिली. सर तरुण होते, वाईट नव्हते, पण आजवर कुणी विचारलंच नाही म्हणून त्यांनीही विचार केला नव्हता. "मॅडम, टीमला नऊ जणी लागतात," ते म्हणाले. "नऊ मुली आणि नऊ पालकांच्या सह्या आणा. शनिवारी सकाळी सहाला मैदान रिकामं असतं. किट मी देतो."

त्यांना वाटलं, खलास, विषय संपला. पण पंधरा दिवसांत आठ सह्या जमल्या. अजराच्या अब्बांनी तर सही करताना स्वतःच्या शाळेतल्या कबड्डीची गोष्ट तासभर ऐकवली. अडलं आभापाशी.

आभाचे वडील राजन पुण्याचे. इथे एका बँकेत जोखीम मोजायच्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर. कुमुद त्यांच्या घरी गेली तेव्हा त्यांनी अदबीने सरबत पुढे केलं.

"आम्ही मुलगा-मुलगी असा भेद मानत नाही, बरं का ताई," ते म्हणाले. "पण अॅक्च्युअली, चेंडू टणक असतो. नाकाबिकावर बसला तर? उन्हात काळवंडायचं ते वेगळंच. मुलगा असता तर गोष्ट निराळी. मुलीच्या चेहऱ्याला काही झालं की पुढे सगळंच अवघड होतं."

"नाक माझंही शाबूत आहे," कुमुद म्हणाली.

"तुमचं झालं हो आता सगळं," राजन म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांनाच ते कसंतरी वाटलं.

कोपऱ्यात प्रमिला, आभाची आई, कपड्यांच्या घड्या करत होती. तिने हातातला टॉवेल ठेवला, टीपॉयवरचा फॉर्म उचलला आणि चष्मा लावून मोठ्याने वाचला. "'पालकाची सही.' वडिलांची असं कुठे लिहिलेलं नाही." राजन काही म्हणायच्या आत तिने सही केली, तारीख टाकली आणि फॉर्म कुमुदच्या हातात दिला. "मी शाळेत खो-खो खेळायचे," ती म्हणाली. "कुणी विचारलंच नाही इतकी वर्षं."

सराव सुरू झाला. बेस कमी पडले तर किचनशेजारच्या वर्कशॉपमधल्या भिवाकाकांनी मोटारीच्या सीटचं उरलेलं रेक्झिन शिवून चार भक्कम चौकोन करून दिले. भानुदास पाण्याचे जार आणि गूळ-शेंगदाणे घेऊन यायचा आणि सावलीत बसून नियमांचं पुस्तक वाचायचा. तिसऱ्या आठवड्यात तो कुमुदच्या चुका काढायला लागला.

मुली सुरुवातीला भयंकर खेळत. झारा चेंडू आला की डोळे मिटायची. आभा बॅट मारण्याआधी कोनाचा हिशेब करायची, तोवर चेंडू मागे जाळीत. पण जानेवारीपर्यंत अजराचा चेंडू शिट्टी घालत यायला लागला, आणि एका धुकट सकाळी आभाने हिशेब न करता बॅट फिरवली. चेंडू कुंपणापलीकडे बसच्या टपावर पडला. तिने बॅट टाकून दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"पळ!" आठ जणी ओरडल्या. "आभा, रन!"

आता मॅच हवी होती. मुलांची टीम तयार होईना. "वुई डोन्ट वॉन्ट टु हर्ट देम," विहान म्हणाला. दुसऱ्या कुठल्या शाळेत मुलींची टीम नव्हती. शेवटी भानुदासच्या एका भाजीवाल्याने सांगितलं, खोर फक्कानला बंदरावर आणि दवाखान्यात काम करणाऱ्या फिलिपिनो बायका दर रविवारी खेळतात. कुमुदने फोन लावला. त्यांची कॅप्टन मारिसेल, नर्स, खळखळून हसली. "कम, कम! ब्रिंग लंच!"

व्हॅनमध्ये सगळ्या मावेनात. आणखी एक गाडी हवी होती. प्रमिलाने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. राजन निघाले, पण आपण फक्त ड्रायव्हर आहोत, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

दीड तास, डोंगरातले बोगदे, आणि मग एकदम निळा समुद्र आणि क्रेनच्या रांगा. समोरच्या टीममध्ये चाळिशी-पन्नाशीच्या बायकाच जास्त. मुलींना वाटलं, सोपं आहे. पहिल्याच डावात नऊ रन चढल्यावर तो गैरसमज गेला. मारिसेल इतक्या आरामात चेंडू टोलवायची, जणू गालिचा झटकतेय. पण प्रत्येक वेळी मुलींपैकी कुणी काही बरं केलं की टाळ्याही तीच वाजवायची.

राजन एसी लावून गाडीतच बसले होते. मग काच खाली झाली. मग दार उघडलं. शेवटच्या डावात आभा तिसऱ्या बेसवर पोचली तेव्हा ते कधी कुंपणापाशी येऊन उभे राहिले, त्यांनाही कळलं नाही. ईशानीने चेंडू मारला. आभा शेवटच्या, घरच्या बेसकडे सुटली. चेंडूही तिकडेच निघाला. आभाने स्वतःला सरळ जमिनीवर झोकून दिलं. धुळीचा लोट उठला. चष्मा एकीकडे, ती एकीकडे.

राजन कुंपण ओलांडून मैदानात धावले. आभा उठून बसली होती. हनुवटी खरचटली होती, दातांत वाळू होती. कुमुदला वाटलं, आता हे मुलीला उचलून गाडीत घालणार.

राजन पंचांपुढे जाऊन उभे राहिले. "सेफ की आऊट?" त्यांनी मराठीतच विचारलं.

पंचांनी दोन्ही हात आडवे पसरले.

"सेफ!" राजन ओरडले, आणि मैदानातून बाहेर जायला सांगितलं तरी गेले नाहीत.

मुली मॅच सतरा-दोनने हरल्या. खाली बसून सगळ्यांनी पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि मारिसेलने आणलेल्या शेवया खाल्ल्या. प्रमिलाने आभाच्या हनुवटीला मलम लावलं. राजन भानुदासशी दुसऱ्या बेसवरून कधी पळावं यावर वाद घालत होते.

जेवण झाल्यावर मारिसेलने आपला कॅचरचा मोजा कुमुदच्या मांडीवर ठेवला. "नाऊ यू. वन इनिंग. आय सॉ युवर फिंगर. कॅचर्स रेकग्नाइज कॅचर्स."

कुमुदने आढेवेढे घेतले. गुडघे, पंजाबी ड्रेस, नुकतंच झालेलं जेवण. भानुदास तिच्या ओढणीसाठी हात पुढे करत म्हणाला, "ती दे इकडे. आणि जा."

ती जाऊन बसली. गुडघे कडकडले. पहिला चेंडू निसटला. दुसरा हातात आला, आणि सगळं शरीर आपसूक जागेवर गेलं. खांदे, टाचा, नजर. पाचव्या चेंडूला पहिल्या बेसवरची बाई दुसऱ्या बेसकडे पळाली. कुमुद बसल्या जागेवरून उठली आणि तिने तो फेकला. ती बाई अजून वाटेत असताना चेंडू बेसवर पोचला होता.

मुली किंचाळत तिच्याकडे धावल्या. भानुदास दोन्ही हातांनी ओढणी झेंड्यासारखी फिरवत होता आणि अनोळखी बायकांना सांगत होता, "माय वाइफ! जळगाव!"

पुढच्या शनिवारी सकाळी सहाला मैदानावर नऊच्या जागी चौदा मुली होत्या. त्यांतली एक विहानची धाकटी बहीण. दारापाशी प्रमिला ट्रॅक पॅन्ट घालून उभी होती. आयांची पण टीम होईल का, असं तिने जरा लाजत विचारलं.

"इन्शाल्ला," कुमुद म्हणाली. "आधी रांगेत उभी राहा. कोपर वर."