लटकबश्या

ब्रह्मपुरी-सावली काळीपिवळी जीपमध्ये एक गृहस्थ रोज भेटत. ड्रायव्हरच्याच सीटवर त्याला खेटून, अर्धं अंग बाहेर टाकून बसणाऱ्या प्रवाशासाठी त्यांनी शब्द काढला होता, लटकबश्या. तो कोशात घ्या म्हणून त्यांनी पत्र लिहिलं, तर शब्दकोशवाले म्हणाले, आधी लोकांच्या तोंडी रुळू द्या. तेव्हापासून जीपमध्ये निवडणुकीसारखा प्रचार सुरू.

"बाई, एकडाव बोलून तं पाहा!"

"मले रोवण्याले जाचं हाये, भाऊ," धानाच्या लावणीला निघालेल्या एक बाई म्हणायच्या. मी हसायचो.

एकदा जागा नव्हती म्हणून ड्रायव्हरजवळ मीच लटकलो. मागून त्याच बाई ओरडल्या, "ओ लटकबश्याभाऊ, पोट आत घ्या, झाड येऊन राह्यलं!"

गृहस्थांचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात धरला. "भाऊ, कोशात जाईपर्यंत इथीच बसत जा ना!"

शब्द अजून कोशात नाही. हा किस्सा ऐकल्यापासून बायको मात्र मला चहाला त्याच नावानं बोलावते.