मांडणीची दोरी

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून. चौथीपर्यंतच शिकले, सांभाळून घ्यावं.

शेजारच्या ताई सहा वर्षं नवऱ्यासोबत त्याच्या ट्रकमध्येच राहिल्या. थेरगावात खोली घेताना डिपॉझिटसाठी त्यांनी माझ्याकडून पाच हजार उसने घेतले. खोलीतही त्या मांडणीवरची भांडी दोरीने बांधून ठेवायच्या. माझ्या सासूबाई विचारायच्या, "घर ब्रेक मारतंय व्हय गं?"

"सवय हाय, आत्या. निघायचं झालं तर बरं पडतं."

ते ऐकून वाटायचं, या निघून गेल्या तर माझे उरलेले पैसे बुडतील, पण मागायला तोंड उघडायचं नाही.

काल ती दोरी घेऊन त्या दारात आल्या. "आता हितंच ऱ्हायचं, भांडी बांधायची गरज न्हाई. कपडे वाळत घालायला ठेवा तुमाला," म्हणाल्या. दोरीसोबत शेवटचे पाचशे रुपये दिले. माझे पैसे पूर्ण फिटले.